गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे: गाडीतला अँप आणि वूफर मीटर लावून कसा जुळवायचा

डिकीत बारा इंची वूफर (बेसचा मोठा स्पीकर) बसला, सीटखाली अँप (सिग्नल वाढवून वूफरला ताकद देणारं यंत्र) लागला, स्टीरिओ सुरू झाला, की बहुतेक दुकानांत पुढचं काम दोन मिनिटांत उरकतं. फिटर दणदणीत बेसचं गाणं लावतो, छोट्या स्क्रूड्रायव्हरने अँपवरचा गेन चढवत नेतो आणि मागची काच थरथरायला लागली की थांबतो. आवाज मोठा येतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण वूफरची कॉइल (त्याचा कोन हलवणारं तारेचं वेटोळं) किती टिकणार, हे बरेचदा त्याच दोन मिनिटांत ठरून गेलेलं असतं.

हे काम घरी, निवांतपणे, एका दुपारी स्वतः करता येतं आणि ते स्वतःच करावं असं माझं ठाम मत आहे, कारण दुकानदाराला तेवढा वेळ देणं परवडत नाही. सामान फार लागत नाही: एक साधा डिजिटल मल्टिमीटर (पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला काही शे रुपयांत मिळतो), एक बारीक स्क्रूड्रायव्हर, ५० हर्ट्झचा टेस्ट टोन (एकाच सुराचा सलग आवाज) भरलेला पेन ड्राइव्ह आणि मदतीला एक माणूस. पुढचे आकडे एका नेहमीच्या जोडणीचे धरले आहेत: हॅचबॅक गाडी, बाहेरून बसवलेला स्टीरिओ, ३०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत तेवढी ताकद देणारा) क्लास डी मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलचा अँप, आणि ४ ओहमचा बारा इंची वूफर.

गेन नेमकं काय करतो

स्टीरिओच्या मागच्या आरसीए सॉकेटमधून (अँपकडे जाणारी गोल पिनेची वायर जिथे लागते तिथून) निघणारा सिग्नल प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळा असतो. साध्या स्टीरिओत तो जास्तीत जास्त २ व्होल्टचा असतो, चांगल्या स्टीरिओत ४ किंवा ५ व्होल्टचा. आपल्याला कोणता स्टीरिओ जोडलाय हे अँपला कळायला मार्ग नाही. ते सांगायचं काम गेनचं. कीर्तनाला उभे राहिलेले बुवा हळू बोलणारे आहेत की खड्या आवाजाचे, ते पाहून माइकवाला मशीनवर त्यांच्या माइकचा नॉब आधी लावून घेतो, तसंच हे. अँपवर गेनच्या एका टोकाला ६ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला ०.२ व्होल्ट अशा खुणा बहुधा असतात. ०.२ च्या बाजूला फिरवलं म्हणजे अँप अगदी दुबळा सिग्नलही पूर्ण ताकदीपर्यंत वाढवायला लागतो.

गेन वाढवल्याने अँपची ताकद वाढत नाही, हे इथे पक्कं लक्षात घ्या. ३०० वॅटचा अँप गेन पाव फिरवलेला असतानाही ३०० वॅट देऊ शकतो, सिग्नल तेवढा जोरकस असला की झालं. जास्त फिरवलात तर तीच ताकद स्टीरिओचा व्हॉल्यूम १५ वर असतानाच संपते आणि त्याच्या पुढे आवाज फाटायला लागतो.

फाटतो म्हणजे काय होतं? अँप जितके व्होल्ट देऊ शकतो त्याला एक छत असतं. सिग्नलची गोलाकार लाट त्या छताला लागली की तिचा माथा सपाट होतो. पार चौकोनी झालेली लाट तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेपेक्षा दुप्पट पॉवर वाहून नेते. म्हणजे ३०० वॅटचा अँप वूफरच्या कॉइलमध्ये ६०० वॅटच्या आसपास उष्णता ओतू शकतो. कॉइलवरचं इनॅमल तापतं, चिकटवणारं गोंद सुटतं आणि डिकी उघडल्यावर जळकट वास येतो.

यात कान दगा देतो, आणि मीटर लागतो तो त्यासाठीच. दारातला स्पीकर फाटला की लगेच कळतं, कारण आवाज किरकिरा होतो. ५० हर्ट्झला फाटणारा वूफर मात्र किरकिरत नाही. वरचे कर्कश स्वर काढणं त्याच्या जाड कोनला जमतच नाही, त्यामुळे फाटलेला बेस आपल्याला फक्त 'जास्त बेस' वाटतो.

हात लावण्याआधी तीन गोष्टी बघा

पहिली गोष्ट वॅटची. वूफरच्या खोक्यावर १२०० वॅट असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, ते विसरा. माहितीपत्रकात आरएमएस हा शब्द शोधा. खरा आकडा तोच, आणि तो बहुधा मोठ्या आकड्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका निघतो. अँपचाही आरएमएस बघायचा, आणि तो किती ओहमला दिलाय तेही बघायचं.

दुसरी गोष्ट ओहमची. वूफरला दोन कॉइल असतील, म्हणजे चार टर्मिनल असतील, तर त्या कशा जोडल्यात यावर सगळं गणित फिरतं. ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात, एकामागोमाग एक जोडल्या की ८. अँपचं आरएमएस २ ओहमपर्यंतच सांगितलेलं असताना वूफर १ ओहमवर जोडला, तर अँप प्रोटेक्टमध्ये जाईल (स्वतःला वाचवायला बंद पडून धोक्याचा दिवा लावेल) नाहीतर जळेल. वूफरच्या वायरी अँपपासून सोडवून मल्टिमीटरने ओहम मोजा. आकडा छापलेल्यापेक्षा थोडा कमी येतो, ४ ओहमचा वूफर ३.२ ते ३.६ दाखवतो, ते बरोबरच असतं.

तिसरी गोष्ट करंटची आणि अर्थिंगची, आणि घोटाळे इथेच सगळ्यात जास्त असतात. क्लास डी अँपची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ३०० वॅट बाहेर काढायला त्याला ३७५ वॅट लागतात, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे २७ अँपिअर. शुद्ध तांब्याची ८ गेजची वायर याला पुरते. बाजारात मात्र तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून सर्रास विकली जाते. वायरीचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरट चकाकी दिसली तर ती ॲल्युमिनियम आहे, मग एक माप अधिक जाड वायर घ्या. बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. तो अँपसाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायर कुठे घासून बॉडीला लागली तर तो फ्यूजच आग टाळतो.

अर्थिंगची वायर दीड फुटापेक्षा लांब नको. बॉडीवर जिथे थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) बसवणार तिथला रंग पॉलिश पेपरने पार घासून चकचकीत पत्रा उघडा करा, मग बोल्ट आवळा. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थिंग घेऊ नका, तो बोल्ट तुमच्या जिवासाठी आहे. तपासायचं असं: गाडी सुरू ठेवून मोठ्याने गाणं लावा, आधी बॅटरीच्या टोकांवर डीसी व्होल्ट मोजा, मग अँपच्या पॉवर टर्मिनलवर. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर वायर किंवा अर्थिंग कच्चं आहे. आधी ते सुधारा, गेनला नंतर हात लावा.

सगळं शून्यावर आणा

स्टीरिओवर इक्वलायझर सपाट करा, लाउडनेस बंद, बेस बूस्ट बंद, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांतला समतोल) मध्यावर, सबवूफर लेव्हल (वूफरला जाणाऱ्या सिग्नलची पातळी) ०. अँपवर गेन पूर्ण डावीकडे, बेस बूस्ट ० वर, फेज (वूफरच्या लाटेची दिशा सरळ किंवा उलट करणारं बटण) ० वर. मोजमाप होईपर्यंत लो पास फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचे स्वर अडवणारा) सगळ्यात वरच्या आकड्याला आणि सबसॉनिक (अगदी खालचे स्वर अडवणारा) सगळ्यात खालच्या आकड्याला ठेवा, म्हणजे ते टोनला अडवणार नाहीत. लो पास स्टीरिओतही असतो आणि अँपवरही. दोन्ही एकाच वेळी लावू नका, कारण स्वर अडवण्याचा उतार दुप्पट तीव्र होतो आणि मधल्या पट्ट्यात खड्डा पडतो. डॅशबोर्डखाली बेसचा रिमोट नॉब असेल तर मोजताना तो पूर्ण वर ठेवा, नाहीतर नंतर कोणीतरी तो फिरवेल आणि सगळी मेहनत वाया जाईल.

बेस बूस्टबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण जळालेल्या वूफरमागे बरेचदा हाच असतो. हे बटण बहुतेक अँपमध्ये ४५ हर्ट्झच्या आसपासचा पट्टा उचलतं. ३ डेसिबल वाढवले की त्या पट्ट्यात दुप्पट पॉवर लागते, ६ वाढवले की चौपट, आणि १२ वाढवले की सोळापट! ३०० वॅटच्या अँपकडे ती येणार कुठून? शिवाय गाडीची बंद केबिन खालचे स्वर स्वतःच उचलून देते, आणि हॅचबॅकमध्ये तर डिकी आणि केबिन एकच. बेस बूस्ट शून्यावरच राहू द्या.

स्टीरिओचा स्वच्छ व्हॉल्यूम शोधा

अँप कितीही चांगला जुळवला तरी स्टीरिओकडूनच फाटका सिग्नल आला तर उपयोग नाही. पुष्कळ स्टीरिओ शेवटच्या पाव भागात फाटतात. ४० पायऱ्यांचा व्हॉल्यूम असेल तर सुरक्षित जागा सहसा ३० ते ३२ च्या दरम्यान असते.

ती मीटरने नक्की करता येते. गाडी सुरू करा, मोकळ्या हवेत. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम कधीही करू नका. आरसीए वायर अँपमधून काढा, मीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक प्रोब पिनच्या टोकाला आणि दुसरा बाहेरच्या कड्याला लावा. टोकं एकमेकांना लागू देऊ नका. ५० हर्ट्झचा ० डेसिबलचा (म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये शक्य तितका जोरकस) टोन लावा आणि मदतनिसाला व्हॉल्यूम एकेक पायरी वाढवायला सांगा. दारातल्या स्पीकरांवर हा टोन पूर्ण जोराने जाऊ नये म्हणून, फेडर वगैरेंना हात न लावता, त्या स्पीकरांचा हाय पास (खालचे स्वर अडवणारा फिल्टर) आधीच लावून ठेवा. प्रत्येक पायरीला व्होल्ट एका चालीने वाढत जातात. एका टप्प्यानंतर ती चाल मंदावते, आकडा जेमतेम सरकतो. तिथे लाटेचा माथा छताला लागलाय. तिथून दोन-तीन पायऱ्या खाली या. हाच तुमच्या स्टीरिओचा कमाल व्हॉल्यूम, आणि यापुढे कधी जायचं नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

टोन ५० हर्ट्झचाच का? आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची असते आणि साधे मल्टिमीटर त्या फ्रिक्वेन्सीला अचूक मोजतात. १००० हर्ट्झच्या टोनला स्वस्त मीटरचा आकडा घसरू शकतो. टोन शक्यतो वेव्ह फाइलमधला (.wav, म्हणजे न दाबलेला) घ्या आणि पेन ड्राइव्हवरूनच लावा. ब्लूटूथवरून लावायचाच असेल तर फोनचा व्हॉल्यूम पूर्ण वर आणि फोनमधला इक्वलायझर बंद हवा.

लक्ष्य किती व्होल्टचं

वॅटला ओहमने गुणा आणि येणाऱ्या आकड्याचं वर्गमूळ काढा. अँपच्या टर्मिनलवर तेवढे एसी व्होल्ट दिसले पाहिजेत. आपल्या उदाहरणात ३०० गुणिले ४ म्हणजे १२००, त्याचं वर्गमूळ ३४.६. आणखी काही नेहमीच्या जोड्या:

१५० वॅट, ४ ओहम: २४.५ व्होल्ट
५०० वॅट, ४ ओहम: ४४.७ व्होल्ट
३०० वॅट, २ ओहम: २४.५ व्होल्ट
५०० वॅट, २ ओहम: ३१.६ व्होल्ट
५०० वॅट, १ ओहम: २२.४ व्होल्ट

अँप आणि वूफर यांच्यात ज्याचा आरएमएस कमी, तो आकडा घ्यायचा. अँप ५०० चा आणि वूफर ३०० चा असेल तर ३०० धरा. अशी जोडी उलट्या जोडीपेक्षा मला केव्हाही चांगली वाटते, कारण अँपला दम लागत नाही आणि लाट स्वच्छ राहते. लहान अँप ताणून मोठा वूफर वाजवायला गेलं की आवाज फाटतोच.

आता गेन

अँप बंद करून वूफरच्या वायरी काढा. आरसीए परत जोडा. मीटर एसीवरच, प्रोब अँपच्या स्पीकर टर्मिनलवर. चार चॅनलचा अँप ब्रिज केला (दोन चॅनल एकत्र जोडून एका वूफरला दिले) असेल तर ब्रिजच्या प्लस आणि मायनसमध्येच मोजायचं. त्यातलं कोणतंही टोक बॉडीला लागता कामा नये.

गाडी सुरू करा. हे महत्त्वाचं आहे, कारण इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते आणि सुरू असताना १३.८ ते १४.४. अँपचा छापील आरएमएस बहुधा या वरच्या व्होल्टेजवरचा असतो. टोन लावा, स्टीरिओ तुम्ही शोधलेल्या स्वच्छ व्हॉल्यूमवर आणा आणि गेन अगदी हळू उजवीकडे फिरवा. स्क्रू केसभर हलला तरी मीटर तीन-चार व्होल्ट उडी मारतो, तेव्हा घाई नको. ३४.६ च्या थोडं अलीकडे, म्हणजे ३३-३४ ला थांबा. अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी असलेला हा फरक कानाला कळणार नाही, कॉइलला मात्र तेवढीच मोकळीक. जागा ठरली की तिथे मार्करने बारीक खूण करा.

बऱ्याचदा स्क्रू अर्ध्याच्याही अलीकडे थांबलेला दिसतो आणि मालकाला वाटतं, अँपची ताकद वाया चाललीय. तसं नाही. चांगला स्टीरिओ ४ व्होल्ट देत असेल तर गेन तिथेच थांबायला हवा. उलट गेन पूर्ण फिरवूनही आकडा गाठला नाही, तर सिग्नल दुबळा आहे. आरसीए वायर आणि स्टीरिओची सबवूफर लेव्हल तपासा.

टोन ० डेसिबलचा घ्यावा की वजा ५ चा, यावर जाणकारांत दोन मतं आहेत. ० डेसिबल म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये शक्य असलेला सगळ्यात मोठा सिग्नल. आजची चित्रपटगीतं आणि डीजे रीमिक्स या रेषेला चिकटूनच रेकॉर्ड केलेले असतात, त्यांच्यासाठी ० चाच टोन योग्य. जुनी भावगीतं, नाट्यपदं, शास्त्रीय गायन यांची पातळी बरीच खाली असते. तुमच्या गाडीत मुख्यतः तेच वाजत असेल तर वजा ५ चा टोन चालतो. फक्त लक्षात ठेवा, मग एखाद्या दिवशी मुलांनी रीमिक्स लावून व्हॉल्यूम टोकाला नेला की अँपकडून त्याच्या ताकदीच्या तिप्पट मागितलं जाईल. पहिल्यांदाच करणाऱ्याने ० चाच टोन घ्यावा.

फिल्टर, फेज आणि शेवटी लेव्हल

वूफर परत जोडा. लो पास ८० हर्ट्झवर आणा. दारातल्या स्पीकरांचा हाय पासही ८० च्या आसपास ठेवा. ते छोटे स्पीकर खालच्या स्वरांच्या ओझ्यातून सुटले की गाणाऱ्याचा आवाज लख्ख होतो, आणि हा फरक पहिल्याच गाण्यात जाणवतो. बॉक्सला बाहेर उघडणारी नळी असेल तर सबसॉनिक फिल्टर जरूर लावा, बॉक्स ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलाय तिच्या थोडं खाली. ३५ हर्ट्झचा बॉक्स असेल तर २८ ते ३०. नळीच्या बॉक्समध्ये ट्यून केलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालच्या स्वरांना कोनला हवेचा आधार राहत नाही आणि तो वेडावाकडा उडतो. पूर्ण बंद बॉक्सला याची तितकी गरज नसते.

फेजसाठी स्टीअरिंगवर बसा आणि मदतनिसाला अँपपाशी बसवा. एकसुरी बेस असलेलं गाणं लावून त्याला ० आणि १८० मध्ये बटण बदलायला सांगा. ज्या स्थितीत तुमच्या जागेवर बेस भरीव लागतो ती ठेवा. बटण नसेल तर वूफरच्या दोन वायरी उलटसुलट करून तेच काम होतं.

आता लेव्हल, आणि हे काम पूर्णपणे कानाचं. नियम एकच: अँपवरच्या गेनला आता हात लावायचा नाही. स्टीरिओची सबवूफर लेव्हल ० वरून फक्त खाली न्यायची, प्लसमध्ये कधीच नाही. बहुतेक गाड्यांत ० ला बेस जरा जास्तच असतो, वजा ३ ते वजा ६ च्या दरम्यान गाणं जागेवर बसतं.

यासाठी मी तबल्याची साथ असलेलं गाणं सुचवेन, डीजेचं नको. चाटीवरचा 'ना' दारातल्या स्पीकरांतून येतो आणि डग्ग्याचा घुमारा क्रॉसओव्हरच्या (दारातले स्पीकर आणि वूफर यांच्यातल्या ८० हर्ट्झच्या सीमेच्या) जवळपास, म्हणजे बराचसा वूफरमधून. लेव्हल जास्त असेल तर तबला समोर आणि डग्गा डिकीत असे दोन वेगळे वादक ऐकू येतात. लेव्हल एकेक पायरी खाली आणत जा. एका जागी डग्गा पुढे सरकून तबल्याशेजारी येऊन बसतो आणि मनगट दाबून काढलेली मींड एका धाग्यात ऐकू येते. तीच जागा. डग्गा पुढे आलाच नाही तर लो पास ७० वर आणून बघा. मग एखादा पखवाजाच्या साथीचा अभंग आणि ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावून खात्री करा. ढोलाचा ठोका पडून लगेच थांबला पाहिजे, मागे गुरगुर रेंगाळता कामा नये.

गुरगुर रेंगाळलीच तर ती वूफरची आहे का गाडीची, ते बघा. नंबर प्लेट, पार्सल ट्रे, डिकीचं प्लॅस्टिक लायनिंग आणि जॅक ठेवायची जागा ही नेहमीची ठिकाणं. टोन चालू ठेवून एकेका भागावर तळहात दाबा. ज्याच्यावर दाबल्यावर आवाज थांबेल तिथे फोम टेप लावा. नंबर प्लेटमागच्या दोन पट्ट्यांनी जो फरक पडतो तो हजारो रुपयांच्या वायरीने पडत नाही.

कंपनीचा स्टीरिओ किंवा सीटखालचा वूफर असेल तर

कंपनीच्या स्टीरिओला सहसा आरसीए नसतात. अशा वेळी स्पीकरच्याच वायरीवरून अँपच्या हाय लेव्हल इनपुटला (स्पीकरच्या जोरकस सिग्नलसाठीच्या जागेला) किंवा हाय-लो कन्व्हर्टरला (तो सिग्नल आरसीएच्या पातळीवर उतरवणाऱ्या डबीला) सिग्नल द्यायचा. मूळ वायरी कापू देऊ नका, त्या मॉडेलचा कपलर (मूळ प्लगला थेट बसणारा जोड) मागा. वॉरंटीचा वादही टळतो. बरेच कंपनी स्टीरिओ व्हॉल्यूम वाढला की दारातल्या स्पीकरांना वाचवायला बेस स्वतःच कमी करतात. त्यामुळे मोजमाप टोकाच्या व्हॉल्यूमवर करू नका. रोज ज्या जास्तीत जास्त आवाजात ऐकता त्या पायरीवर करा आणि थोडा हात राखूनच गेन ठेवा.

सीटखालच्या आठ इंची वूफरमध्ये अँप आतच असतो, मोजायला टर्मिनल नसतात. तिथे स्टीरिओ पाऊण व्हॉल्यूमवर ठेवून गेन हळूहळू वाढवा. बेस वाढायचा थांबला किंवा ठोका बोथट झाला की पाव फेरा मागे या.

काही बिघडलं तर

इंजिनच्या रेसबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी ऐकू आली तर आधी अर्थिंग पुन्हा घासा, मग आरसीए आणि पॉवरची वायर गाडीच्या एकाच बाजूने गेलीय का ते बघा. दोन्ही वेगळ्या बाजूंनी न्यायच्या. गेन गरजेपेक्षा जास्त असला तरी ही शिट्टी मोठी होते. ठोक्यागणिक हेडलाइट मंद होत असतील तर करंट कमी पडतोय, बॅटरीचं वय तपासा. अँप प्रोटेक्टमध्ये गेला तर वूफर काढून अँप एकटा सुरू करा. दिवा गेला तर दोष वूफरच्या वायरीत किंवा ओहममध्ये आहे. 'टप टप' असा कोरडा आवाज म्हणजे कोन शेवटपर्यंत जाऊन आपटतोय, लगेच आवाज कमी करा आणि सबसॉनिक तपासा. आणि जळका वास आला तर त्या दिवशी गाणी बंद.

बेस भिंतीतून आरपार जातो, काच वर केली म्हणून अडत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा आहे. सोसायटीच्या गेटमधून आत येताना सबवूफर लेव्हल थेट खाली आणता यावी म्हणून तो मेनू स्टीरिओच्या शॉर्टकटवर ठेवा, किंवा रिमोट नॉब हाताशी बसवून घ्या.

सगळं झालं की स्वच्छ व्हॉल्यूमचा आकडा, लक्ष्य व्होल्ट, लो पास, सबसॉनिक आणि सबवूफर लेव्हल एका चिठ्ठीवर लिहून कागदपत्रांबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. बॅटरी काढल्यावर काही स्टीरिओ सगळी सेटिंग विसरतात, तेव्हा ही चिठ्ठी कामी येते. स्टीरिओ, अँप किंवा वूफर यांपैकी काहीही बदललं तर मात्र जुने आकडे धरू नका, गेन पूर्ण डावीकडे नेऊन पुन्हा मीटर लावा.